सरकारनं उधळलेला भंडारा

मी त्यांना 'सरकार' म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण त्यांना ते आवडायचं. ते सरकारी वकील होते आणि कोर्टात उभे राहिले की 'सरकारतर्फे' हा एकच शब्द असा काही लावायचे, की मागच्या बाकावर पेंगणारे पक्षकारसुद्धा आता गाणं होणार म्हणून सावरून बसायचे. मी दिवाणी वकील. बांध, वाटण्या, विहिरीतला हिस्सा असली माझी कामं, त्यामुळे कोर्टात आमची समोरासमोर कधी गाठ पडली नाही. दिवसा ते मला 'वकीलबाई' म्हणत आणि संध्याकाळी 'पेटी'. म्हणजे माणूस नव्हेच, नुसतं वाद्य. "पेटी, आज सहाला या. आणि भाता जरा बेतानं ओढा. काल माझ्यापेक्षा तुमचाच दम जास्त ऐकू येत होता."

माणूस सातारचा. आधी वाई, मग सातारा, मग सांगली जिल्ह्यातली तालुक्याची कोर्टं, अशी सगळी नोकरी त्यांनी काळ्या कोटात घालवली. बिऱ्हाड साताऱ्यातच होतं. सांगलीत भाड्याच्या दोन खोल्या, त्यात एक कुकर आणि दोन तानपुरे. शनिवारी एसटीनं घरी, सोमवारी पहाटे परत. गाणं साताऱ्याच्याच एका म्हाताऱ्या गुरुजींकडे शिकलेले. आवाज म्हणाल तर गावच्या कंदी पेढ्यासारखा, चांगला भाजलेला आणि कडेला किंचित करपलेला. पण कान! शिपायानं पुकारा केला तरी "आज घसा बसलाय याचा" असं म्हणणारा माणूस.

त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. आष्ट्याकडच्या एका भजनी मंडळाची पेटी चोरीला गेली होती. चोर सापडला, पेटी सापडली, मुद्देमाल म्हणून कोर्टात आली. ही पेटी तुमचीच कशावरून, असं आरोपीच्या वकिलानं विचारलं. मंडळाचे बुवा म्हणाले, "हिची एक पट्टी दाबली की दोन सूर बोलत्यात." बस्स. सरकार उठले, परवानगी घेतली, पेटी टेबलावर ठेवली आणि ती पट्टी दाबली. दोन सूर बोलले. आता कुठलाही शहाणा माणूस इथं थांबेल. पण हात पेटीवर पडलेला, समोर भरलेलं कोर्ट! त्यांनी डोळे मिटून आलाप घेतला. न्यायाधीशांना शेवटी म्हणावं लागलं, "सरकारी वकील, ओळख पटली." चोराला शिक्षा झाली. तो जाता जाता पोलिसाला म्हणाला, "आवाज बरा हाय की साहेबांचा." ही दाद त्यांनी पुढं कित्येक वर्षं जपून ठेवली.

त्यांचा एक सिद्धांतही होता. साक्षीदार खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज अर्ध्या सुरानं वर चढतो. मी म्हटलं, "मग माझ्या सासूबाई फोनवर जन्मभर खोटंच बोलतायत." त्यावर ते रागावले आणि दोन दिवस पेटीवाचून गायले.

तर आता खटल्याकडे येते.

फिर्यादी कवठे महांकाळच्या बाजूचा एक मेंढपाळ. सडपातळ, पन्नाशीचा, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्याच्या चुलतभावाच्या रानात पाण्याचं एक टाकं होतं. मेंढरं न विचारता टाक्यावर आली यावरून दोघांची जुंपली आणि चुलतभावानं हातातली पहार हाणली. फिर्यादीच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. लोखंडी पहार म्हणजे घातक हत्यार. आणि हत्यारानं केलेली गंभीर दुखापत मिटवता येत नाही, कायदाच तसा आहे. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले तरी खटला चालतो, कारण भांडण आता त्या दोघांचं राहत नाही, सरकारचं होतं.

असे खटले सरकारांनी शेकड्यांनी चालवले होते. साक्षीच्या आधी फिर्यादीला बोलावून दोन गोष्टी विचारायच्या असतात, तशा ते विचारत होते. मी तिथंच बाकावर माझ्या तारखेची वाट बघत बसले होते.

"काम काय करता?"

"मेंढरं राकतो. आन पावा वाजवायचो."

सरकारांचं पेन थांबलं. "वाजवायचो म्हणजे?"

त्यानं डावा हात पुढं केला. दोन बोटं काठीसारखी ताठ. "भोकावर बसनात आता."

तेव्हापासून ती फाइल फाइल उरली नाही. त्या संध्याकाळी गाणं झालंच नाही. तानपुरा गवसणीतच. बराच वेळ खिडकीशी बसून ते म्हणाले, "पेटी, त्याचा पाय मोडला असता तरी कलम हेच लागलं असतं ना?"

"हेच."

"पावा वाजवणाऱ्याची बोटं आणि कुणाचाही पाय, दोन्ही सारखंच?"

"कायद्याला पावा ऐकू येत नाही, सरकार."

"मला येतो," ते म्हणाले. "याला मी शिक्षा लावल्याशिवाय राहत नाही."

एवढं ठामपणे बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शिक्षा लागली काय, सुटला काय, संध्याकाळी सहाला ते गायला तयार असायचे. हा खटला मात्र त्यांना जिंकायचाच होता.

पुढच्या तारखेच्या आधी फिर्यादी पुन्हा आला. निघताना म्हणाला, "साहेब, ऐतवारी आमच्या देवळात सुंबरान हाय. तुमाला गान्याची आवड हाय म्हनत्यात. या की." सुंबरान म्हणजे धनगरांचं ढोल-झांजांवरचं ओव्या गाणं. एकानं सुरुवात करायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि देवाची गोष्ट सांगत दुपार काढायची.

मी सरकारांना बाजूला घेतलं. "फिर्यादीच्या गावात जाणार तुम्ही? खटला चालू असताना?"

"गाणं ऐकायला जातोय, जबाब घ्यायला नाही."

"बरं दिसत नाही."

"तुम्ही चला म्हणजे बरं दिसेल. आणि गाडी तुमचीच आहे."

मी गेले. मला मज्जा वाटत होती, खोटं कशाला सांगू.

माळावर बिरोबाचं देऊळ. समोर लिंबाच्या सावलीत घोंगडी अंथरलेली. आम्हाला मानानं पुढं बसवलं. सरकारांना पिवळा फेटा बांधला, तो त्यांना थोडा मोठा झाला आणि एका कानावर उतरला. तो कान त्यांनी लगेच मोकळा केला. पुजारी म्हणजे एक म्हाताराच होता, दात थोडे, आवाज मात्र असा खणखणीत की ढोल त्याच्यामागून चालत होता. सरकारांनी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन मांडीवर ठेवून विसरून गेले. हात मांडीवर ठेका धरत होता, मान डोलत होती. फिर्यादी आमच्या शेजारीच बसला होता, हातात झांज घेऊन. पलीकडे मोठ्या मिशांचा, पांढऱ्या फेट्याचा एक माणूस होता. सरकारांनी विचारलं, "हे कोण?"

"भाऊ हाय माजा," फिर्यादी म्हणाला.

"वा, सगळं घरच गाणारं दिसतंय!"

आरोपीला त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, कोर्टाच्या पिंजऱ्यात, बोडका, घामेजलेला, इतर आरोपींच्या घोळक्यात. मी तर कधीच नाही.

गोष्ट रंगत गेली. एका आईची दोन लेकरं, मधे काटा पडला, देवानं काटा काढला, असं काहीतरी म्हातारा गात होता. गाता गाताच तो त्या दोघांकडे हात करी, लोक ओळ उचलत. तो म्हणाला, पाणी खुलं झालं. लोक म्हणाले, पाणी खुलं झालं. तिथं त्यानं आवाज असा काही वर नेला आणि असा अलगद खाली आणून ठेवला, की सरकारांच्या तोंडून "वा!" असं निघून गेलं. मोठ्यानं. म्हातारा थांबला, हसला, आणि ताटातला मूठभर भंडारा त्यानं सरकारांच्या ओंजळीत घातला. "उधळा, सायेब."

आणि सरकारांनी उधळला! उभं राहून, दोन्ही हातांनी, आकाशात! सगळे ओरडले, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सरकारही ओरडले. भंडारा माझ्या केसांत, गाडीच्या काचेवर, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. फिर्यादी आणि तो मिशीवाला भाऊ एकमेकांना कडकडून भेटले. सरकार भरल्या डोळ्यांनी मला म्हणाले, "गाण्याची ताकद बघा, पेटी."

पुढच्या शनिवारी सदरा साताऱ्याला गेला. रविवारी त्यांच्या बायकोचा मला फोन. "अहो, सांगलीत यांना हळद कुणी लावली?"

पुढचे दोन आठवडे त्यांनी ते रेकॉर्डिंग भेटेल त्याला ऐकवलं. बाररूममध्ये तर रोज. त्याच खटल्यातल्या आरोपीच्या वकिलानंही ऐकलं. त्यानं दोनदा ऐकलं आणि खुशीत येऊन सगळ्यांना चहा सांगितला. सरकार म्हणाले, "याला गाण्यातलं कळतं, हे मला माहीत नव्हतं."

साक्षीचा दिवस उजाडला. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात फिर्यादी उभा. सरकार उत्साहात होते. "चला, एकदा सगळं आठवून ठेवू. तुम्ही टाक्यावर गेलात..."

फिर्यादी चपापला. "साहेब, आता काय इचारायचं ऱ्हायलं? मिटलं की."

"कुठं मिटलं?"

"देवळात. तुमच्या म्होरंच."

"माझ्यासमोर?"

"आवं, तुमीच न्हाई का भंडारा उधळला? आमच्यात भंडारा उधळला की भांडान संपतं. त्याच्या मागनं तोंडातनं त्या भांडनाचं नाव काढायचं न्हाई. पुजारी म्हनला, सरकारचा मानूस आपल्या पायानं आला, लय चांगलं झालं. आता सरकारचं बी मिटलं."

सरकार माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघत होते, कारण मला हसू येत होतं आणि ते हसू बरं नव्हतं. आम्ही गाडीत जाऊन काचा लावून रेकॉर्डिंग ऐकलं. आजवर ते सूर ऐकत होते, त्या दिवशी त्यांनी शब्द ऐकले. म्हाताऱ्यानं सगळं स्पष्ट सांगितलं होतं. टाकं कुणाचं, मेंढरं कुणाची, हात कुणाचा मोडला, कोर्टात कुणी काय बोलायचं नाही. एकेक कलम ओवीत. पाणी खुलं झालं. आणि मग साताऱ्याच्या आवाजात, दिलखुलास, "वा!"

"मला फसवलं यांनी?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. त्यांना तुम्ही मुद्दाम आलात असंच वाटलं."

"ते तर आणखी वाईट."

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. माझं काम पुढं ढकललं गेलं होतं तरी मी मागच्या बाकावर बसून राहिले.

फिर्यादीनं पिंजऱ्यात उभं राहून ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणून सांगितलं. सरकारांनी विचारलं, टाक्यावर काय झालं?

"काय न्हाई."

"बोटं कशानं मोडली?"

"दगडावरनं घसारलो."

मग रीतीप्रमाणं सरकारांनी साक्षीदार फितूर झाला आहे असं सांगून आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घ्यायची परवानगी मागितली. ती मिळाली. पोलिसांपुढचा जबाब वाचला गेला. असं आपण बोललोच नव्हतो, असं फिर्यादी शांतपणे म्हणाला. राहिला शेवटचा प्रश्न. फितूर साक्षीदाराला प्रत्येक सरकारी वकील तो विचारतोच. सरकारांनी हजारदा विचारला असेल, घड्याळाकडे बघत. त्या दिवशी मात्र ते टेबल सोडून पुढं गेले. मला त्यांच्या मनातलं कळत होतं. त्यानं हो म्हणावं, सगळं बाहेर यावं, त्यांची अब्रू गेली तर जावी, पण खटला दुसऱ्या कुणा सरकारी वकिलाच्या हाती जावा आणि त्यात काही जीव उरावा.

"आरोपीशी तुमची तडजोड झाली आहे, म्हणून तुम्ही आज खोटं सांगताय, हे खरं आहे का?"

फिर्यादीनं पहिल्यांदाच जमिनीवरून नजर उचलली. आरोपीकडे नाही, सरकारांकडे बघितलं. "न्हाई साहेब. कसली तडजोड न्हाई."

"नीट आठवा. देवळात?"

"देवळात रोजच जातो."

"मी होतो तिथं?"

न्यायाधीशांनी मान वर केली. आरोपीचा वकील अर्धवट उठून उभा राहिला.

"तुमी?" फिर्यादी म्हणाला. "तुमी कशाला येताय आमच्या देवळात?"

आवाज अर्धा सूरसुद्धा वर चढला नाही. उलट किंचित खाली आला, आजाऱ्याला समजावताना येतो तसा.

सरकार वळले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "मला स्वतःला काही सांगायचंय." आणि सांगितलं. फेटा, ओव्या, भंडारा, सगळं. 'वा!' सुद्धा. न्यायाधीश तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आरोपीनं मारताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"भंडारा उधळला, यावरून पहार कुणी मारली हे सिद्ध होतं?"

"नाही."

"मग बसा, सरकारी वकील." हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात म्हटलं की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाकीचे साक्षीदार आले. कुणी बाजाराला गेलं होतं, कुणाला ऐकूच कमी येत होतं. डॉक्टर आले. बोटं मोडली हे त्यांनी अगदी बारकाईनं सांगितलं, कुणी मोडली हे त्यांना कुठून माहीत असणार? दुपारनंतर निकाल झाला. आरोपी निर्दोष.

आम्ही सांगलीला निघालो तर कोर्टाच्या फाटकाशी दोघं भाऊ उभे. एसटी संध्याकाळशिवाय नव्हती. फिर्यादी म्हणाला, "ताई, फाट्यापतुर सोडता का?"

मी सरकारांकडे बघितलं. ते म्हणाले, "बसू द्या. आता काय."

आणि अशी आमची वरात निघाली. पुढं मी आणि सरकार, मागं फिर्यादी आणि आरोपी, मधे त्यांची भाकरीची पिशवी. मग सरकारांनी मागं न वळता विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"आवं, तुमची नोकरी हाय. तुमी आमच्या द्येवाला आलाता, तुमाला कसं अडचनीत घालू?"

"आणि बोटं?"

"बोटं गेली ती गेली, साहेब. ह्याला तुमी आत घातला असता, तर उन्हाळ्यात मेंढरं कुटं पाजू? टाकं ह्याच्याच रानात हाय. ह्यानं कुलूप लावलं असतं."

"व्हय," आरोपी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "लावलंच असतं."

"ऐका!" मी म्हटलं. "निदान आरोपी तरी खरं बोलला."

आरोपी मोठ्यानं हसला. फिर्यादीही हसला. माझ्या शेजारी कुणी हसलं नाही.

मग आरोपीला वाटलं, साहेब नाराज आहेत, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगावं. तो पुढं वाकला. "साहेब, पाव्याची काळजी करू नगा. फुडल्या सुंबरानाला मी माज्या खर्चानं साउंड लावनार हाय. दोन मोठं बॉक्स. पाव्याचा आवाज गावाबाहेर जात नव्हता, हे पार फाट्यापतुर ऐकू यील."

"लय मोठं हायत," फिर्यादी कौतुकानं म्हणाला. "आमी बघून आलो."

सरकारांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता हा माणूस ओरडणार, निदान एक शिवी देणार. त्यांनी नुसतंच विचारलं, "पावा कुणीच नाही शिकला तुमच्याकडं?"

"पोरास्नी कुटं दम हाय? मी दावायला बघतो." फिर्यादीनं दोन्ही हात तोंडाशी धरले, नसलेला पावा धरल्यासारखे. मला आरशात दिसत होतं. उजवी बोटं उठत होती, बसत होती. डाव्या हाताची दोन ताठच. "हे आसं मिटलं की खालचा सूर, ही दोन..." तो थांबला, हात मांडीवर ठेवले. आरोपी खिडकीबाहेर बघायला लागला. "दावून यायचं न्हाई त्ये," फिर्यादी म्हणाला. "हितंच सोडा ताई, आला फाटा."

दोघं उतरले. भाकरीची पिशवी आरोपीनं घेतली. बांधाच्या कडेनं पुढं-मागं चालत निघाले.

मी गाडी सुरू केली. पुष्कळ पुढं आल्यावर सरकार म्हणाले, "त्या बॉक्सचा आवाज कमी ठेव म्हणून सांगायला हवं होतं त्याला."

मी ब्रेक मारला. "वळवू का? सांगून येऊ."

त्यांनी मागं वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"कशाच्या जोरावर सांगू?" ते म्हणाले. "चला."